बेवारस औषधांची कथा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. तिच्या आईवर स्तनाच्या कर्करोगासाठी उपचार सुरू होते, हे आम्हांस ठाऊक होते. मोबाइलवर कुणीतरी पुढे पाठविलेला एक संदेश होता. कॅनडातील शास्त्रज्ञांनी कर्करोगावर अत्यंत स्वस्त औषध शोधून काढले आहे, पण त्याचे पेटंट घेता येत नसल्यामुळे औषध कंपन्यांनी ते दडपून टाकले आहे, असा त्याचा आशय. "सर, हे खरं आहे का?" एवढेच तिने विचारले.

आम्ही मराठीचे अध्यापक. तुकोबांच्या अभंगातील पाठभेदांबद्दल तिने विचारले असते, तर तासभर बोललो असतो. "तुझ्या आईच्या डॉक्टरांना विचार, त्यांना न सांगता काही घेऊ नका," एवढेच त्या वेळी सांगता आले. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. पुढे सवड मिळेल तसे आम्ही या विषयावर वाचत गेलो. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित आहे. यात वैद्यकीय सल्ला नाही, तो देण्याचा आमचा अधिकारही नाही. एका वाक्याचा खरेखोटेपणा तपासण्याचा हा प्रयत्न आहे, आणि वाक्ये तपासणे हे तर आमचे रोजचेच काम आहे.

संदेशातील औषधाचे नाव डायक्लोरोॲसिटेट. हा एक साधा, लहान रेणू. शरीरात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या काही दुर्मीळ जन्मजात विकारांमध्ये तो कित्येक दशके वापरून पाहिला गेला होता. १९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले होते की, प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्करोगाच्या पेशी साखरेचे पूर्ण ज्वलन न करता तिचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. पेशीतील ऊर्जाकेंद्राचे अडलेले दार डायक्लोरोॲसिटेटने उघडते, असे मानले जात होते. मग कर्करोगाच्या पेशीत हे दार उघडले तर काय होईल? कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात इव्हँजेलॉस मायकेलाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न घेतला. जानेवारी २००७मध्ये 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील मानवी कर्कपेशींवर आणि उंदरांमध्ये रुजविलेल्या गाठींवर औषधाचा परिणाम दिसला होता. त्याच महिन्यात 'न्यू सायंटिस्ट'ने त्याची बातमी ठळकपणे दिली आणि ती जगभर गेली.

येथपर्यंतची कथा संदेशात होती. पुढची नव्हती. औषध स्वस्त, रेणू जुना. त्यामुळे माणसांवरील चाचणीसाठी उद्योगाकडून पैसा येण्याची आशा नव्हती. विद्यापीठाने लोकांकडे देणग्या मागितल्या आणि लोकांनी त्या दिल्या. त्याच वर्षी कॅनडाच्या आरोग्य खात्याने चाचणीस परवानगी दिली. मे २०१०मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या अतिशय जीवघेण्या कर्करोगाच्या पाच रुग्णांना हे औषध देण्यात आले होते. काहींच्या बाबतीत आशा वाटावी अशी चिन्हे दिसली. पण पाच रुग्णांवरून औषध गुणकारी आहे की नाही हे ठरविता येत नाही, हे विद्यापीठानेच स्पष्ट केले. दरम्यान काही मंडळींनी हे रसायन इंटरनेटवरून परस्पर विकण्यास सुरुवात केली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००७मध्ये अशी एक विक्री थांबविली. हातापायांच्या नसांना इजा होऊन बधिरपणा येणे हा या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे, हे ते मागविणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसेल. त्यानंतर काही छोट्या चाचण्या झाल्या. त्यांतून आरंभीची आशा सिद्ध झाली नाही. आणि वाद कायमचा मिटवील अशी मोठी तुलनात्मक चाचणी या औषधाच्या वाट्याला आली नाही.

तेव्हा संदेशातले 'दडपले' हे क्रियापद तपासून पाहू. निबंध उघडपणे छापला गेला. बातमी जगभर झाली. परवानगी मिळाली. कुणी हस्तलिखित जाळले नाही, कुणाचे तोंड बांधले नाही. घडले ते एवढेच की, पुढचा प्रश्न विचारण्याचा खर्च उचलायला कुणी पुढे आले नाही. 'दडपणे' या क्रियापदाला कर्ता लागतो; येथे कर्ताच सापडत नाही. संदेश लिहिणाऱ्याने एक खलनायक कल्पिला, कारण खलनायक असला की कथा सांगणे सोपे जाते. मेलोड्रामाची ही रीत आमच्या विद्यार्थ्यांना चांगली परिचित आहे. प्रत्यक्ष घडले त्यात मात्र प्रत्येक जण आपापल्या नियमाने शहाण्यासारखा वागला होता, आणि तरीही त्या सर्वांच्या शहाणपणाची बेरीज शून्य आली.

हे नियम कोणते? आज जगातील बहुतेक देशांत पेटंटची मुदत वीस वर्षांची आहे. नवा रेणू शोधणाऱ्याला तेवढा काळ तो विकण्याची मक्तेदारी मिळते आणि तिच्या बळावर चाचण्यांचा प्रचंड खर्च वसूल होतो. शेकडो-हजारो रुग्ण, अनेक रुग्णालये, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा, नोंदी, तपासण्या, संख्याशास्त्रज्ञ या सगळ्याला पैसा लागतो. रेणू जुना असेल तर मक्तेदारी नाही. जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाचे पेटंट काही देशांत मिळू शकते. पण तीच गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दुसऱ्या आजारासाठी स्वस्तात मिळत असेल, तर त्या पेटंटची राखण कोण आणि कशी करणार? भारतात तर २००५च्या दुरुस्तीनंतरच्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग हा शोधच मानला जात नाही. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. तो निकाल रुग्णांच्या हिताचा होता, असेच आमचेही मत आहे. परंतु त्या कलमाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही: जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधण्यासाठी खासगी पैसा येईल, ही अपेक्षा आपल्याकडे कायद्यानेच संपविली आहे. मग तो शोध कुणी तरी अन्य मार्गाने घेतला पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण अनोळखी वाटू नये. महाभारताचा मालक कोण? कुणीच नाही. ते कुणीही छापावे, कुणीही विकावे. नेमक्या याच कारणास्तव त्याची चिकित्सक आवृत्ती काढणे कोणत्याही प्रकाशकाला परवडणारे नव्हते. देशभरातील हस्तलिखिते गोळा करायची, ओळीओळीने ताडून पाहायची, प्रक्षेप वेगळे काढायचे आणि अखेरीस जी संहिता सिद्ध होईल ती दुसऱ्याच दिवशी सर्वांची होणार! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हे काम हाती घेतले, ते औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या साह्यावर. पुढे सरकारे, संस्थाने, विद्यापीठे यांची अनुदाने येत गेली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १२५९ हस्तलिखिते विचारात घेऊन १९६६मध्ये काम तडीस नेले. त्याआधी १८६९ आणि १८७३मध्ये तुकोबांच्या गाथेचे दोन खंड निघाले, तेही मुंबई सरकारच्या आश्रयाने. जे सर्वांचे असते त्याची चिकित्सा करायला कुणी तरी परतफेडीची अपेक्षा न ठेवता पैसे द्यावे लागतात. औषधांच्या बाबतीत ही चिकित्सा म्हणजे तुलनात्मक चाचणी. परंपरेने चालत आलेले खरे किती आणि प्रक्षिप्त किती, हे तीच सांगते.

ही उपमा आम्ही केवळ शोभेसाठी घेतलेली नाही. सोमलाची कथा पाहिली की तिचे मर्म कळते.

सोमल म्हणजे आर्सेनिक. 'मादाम बोव्हारी'मधील एम्मा ते खाऊन मरते, हे आमचे विद्यार्थी जाणतात. मराठी भाषेच्या पोटातही ते दडलेले आहे. वचनाला 'हरताळ फासणे' असे आपण म्हणतो, तो हरताळ म्हणजे आर्सेनिकचे पिवळे संयुग. पोथीतील चुकीच्या अक्षरांवर ते फासून अक्षरे मिटवीत. त्याच कुळातील तांबूस संयुगाला आपण मनशीळ म्हणतो. ही द्रव्ये आपल्या रसशास्त्रात होती, चिनी वैद्यकात होती, युरोपातही होती. टॉमस फाउलर या इंग्रज वैद्याने १७८६मध्ये आपल्या आर्सेनिकयुक्त द्रावणाची माहिती प्रसिद्ध केली. १८७८मध्ये बोस्टनमधील डॉक्टरांनी या द्रावणाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, असे नोंदविले आणि काही काळ ते रक्ताच्या कर्करोगावर दिलेही गेले. पुढे किरणोपचार आले, नवी रसायने आली आणि सोमल पुन्हा विषांच्या कपाटात गेले.

ते बाहेर आले चीनच्या ईशान्येकडील हार्बिन शहरात. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयातील झांग तिंगदोंग आणि त्यांचे सहकारी एका लोकवैद्यकातील औषधाचा अभ्यास करीत होते. त्यात आर्सेनिक होते, पाऱ्याचे संयुग होते, भेकाचे विषही होते. त्यांनी घटक वेगवेगळे करून पाहिले. गुण सोमलाचा होता, आणि तो प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगाच्या एकाच प्रकारात, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, दिसत होता. पाठचिकित्सेचेच हे काम: मूळ कोणते आणि भर कोणती, हे वेगळे करणे. १९९०च्या दशकात शांघायमधील संशोधकांनी या औषधाच्या क्रियेचा उलगडा करून पाश्चात्त्य नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले.

आता पुढचा भाग पाहा. अमेरिकेत एका कंपनीने आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या इंजेक्शनला सप्टेंबर २०००मध्ये मान्यता मिळविली आणि शतकानुशतके ज्ञात असलेले हे विष तेथे हजारो डॉलरांना विकले जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी मात्र १९९८पासूनच, केमोथेरपीचा खर्च न पेलणाऱ्या रुग्णांचा विचार करून, नव्याने निदान झालेल्यांना केवळ आर्सेनिक देऊन पाहण्यास प्रारंभ केला होता. २००६मध्ये त्यांनी ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांच्या रक्तातून रोगाची चिन्हे नाहीशी झाली होती. २०१३मध्ये इटली आणि जर्मनीतील संशोधकांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. अ-जीवनसत्त्वापासून बनणारे एक औषध आणि आर्सेनिक एवढ्यावर ठेवलेल्या रुग्णांपैकी ९७ टक्के जण दोन वर्षांनंतर रोगाच्या उलटीविना जिवंत होते. केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. या चाचणीमागे इटलीतील एका कर्करोग-संशोधन धर्मादाय संस्थेचे अर्थसाह्य होते. त्याच वर्षी चिनी संशोधकांनी मनशिळीवर आधारलेले तोंडाने घ्यायचे औषध इंजेक्शनपेक्षा कमी प्रतीचे ठरत नाही, असे दाखविले. एके काळी काही आठवड्यांत माणूस नेणारा हा रोग आज बरा होणाऱ्या ल्युकेमियांत गणला जातो.

एखाद्या जुन्या द्रव्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही, ही एक शक्यता झाली. दुसरी शक्यता त्याला मालक मिळण्याची, आणि तिचे उदाहरण म्हणजे थॅलिडोमाइड. १९५७मध्ये जर्मनीत झोपेचे औषध म्हणून बाजारात आलेल्या या गोळीने दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली. १९६१मध्ये ती मागे घेण्यात आली. १९६४मध्ये जेरुसलेम येथील याकोब शेस्किन यांना ती कुष्ठरोगातील एका वेदनादायक प्रतिक्रियेवर उपयुक्त असल्याचे आढळले. १९९४मध्ये बोस्टनमधील जुडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेने हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, हे दाखविले. पुढे मायलोमाच्या एका रुग्णाच्या पत्नीने नवऱ्यासाठी दारोदार चौकशी केली, ती फोकमन यांच्यापर्यंत पोहोचली आणि तिच्या आग्रहातून आर्कान्सामध्ये या औषधाचा प्रयोग झाला. तिचा नवरा वाचला नाही. पण अन्य रुग्णांना गुण येऊ लागला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांपैकी जवळपास एकतृतीयांश रुग्णांनी प्रतिसाद दिल्याची नोंद आहे. येथे एक कंपनी होती. तिने उपयोगाची आणि सुरक्षित वितरणाच्या पद्धतीची पेटंटे मिळविली, जुन्या गोळीची किंमत वर्षानुवर्षे वाढविली आणि त्याच कुळातील नवा रेणू तयार करून २००५च्या अखेरीस तो बाजारात आणला. तो पुढे जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक झाला. त्या कंपनीच्या पैशामुळे मायलोमाच्या रुग्णांचे आयुष्य वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या वाटेने गेलेले स्वस्त औषध स्वस्त राहिले नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा प्रश्न असा उरतो: औषध स्वस्तही राहावे आणि त्याची परीक्षाही व्हावी, हे कसे साधते? याचे एक उत्तर परळमध्ये आहे.

टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटांच्या देणगीतून सुरू झाले आणि १९६२पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रातील असे गाव विरळाच, जेथून कुणी ना कुणी परळच्या त्या फुटपाथवर रात्र काढलेली नाही. तेथील शल्यचिकित्सक राजेंद्र बडवे यांच्यासमोर एक जुना प्रश्न होता: शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते, तेव्हा काही कर्कपेशी सैल होऊन शरीरात पसरत असतील काय, आणि त्या थोड्या तासांत काही करता येईल काय? प्रथम त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन पाहिले. एक हजार स्त्रियांवरील या चाचणीचा निष्कर्ष २०११मध्ये छापला गेला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक सिद्ध झाला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांच्या गटात मात्र लाभ दिसला. अशा उपगटातील लाभाला दुजोरा मिळेपर्यंत सावधपणेच घ्यावे लागते.

दुसरी चाचणी अधिक साधी. लिडोकेन हे भूल देण्याचे द्रव्य. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. शस्त्रक्रियेची सुरी लावण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचायचे. २०११ ते २०२२ या काळात भारतातील अकरा केंद्रांमध्ये सुमारे सोळाशे स्त्रिया या चाचणीत सहभागी झाल्या. एप्रिल २०२३मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण लिडोकेनच्या गटात ८६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८२.६ टक्के, हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. शेकडा चार स्त्रियांचा हा फरक, आणि औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. ज्यांना नुसते पाणी टोचले आहे असा तिसरा गट या चाचणीत नव्हता, ही तिची एक मर्यादा. अन्यत्र तिची पुनरावृत्ती व्हायला हवी. पण प्रश्न विचारला गेला, अकरा वर्षे धीराने विचारला गेला आणि त्याचा खर्च आपण करांतून उचलला.

तिसरे उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे. तंबाखूमुळे आपल्याकडे या रोगाचे केवढे प्रमाण आहे, हे सांगायला नकोच. आजार हाताबाहेर गेलेल्या ४२२ रुग्णांवर याच रुग्णालयातील डॉक्टरांनी एक तुलना केली. एका गटास मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या घरी घ्यायला दिल्या. दुसऱ्यास दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिसप्लॅटिन. २०२०मध्ये निकाल आला: गोळ्यांच्या गटातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने, सिसप्लॅटिनच्या गटात ६.१ महिने. दीड महिन्याचा फरक श्रीमंत देशातील वाचकाला किरकोळ वाटेल. पण जो रुग्ण गावाकडे आपल्या अंथरुणावर राहून गोळ्या घेतो आणि ज्याच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रजा टाकून मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, त्याच्या हिशेबात हा दीड महिना निराळ्या वजनाचा आहे.

येथवर यशाच्याच कथा सांगितल्या, म्हणून वाचकांची समजूत एकांगी होऊ नये. स्वस्त औषध म्हणजे गुणकारी औषध नव्हे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, असे स्कॉटलंडमधील एका पाहणीत २००५मध्ये दिसले आणि त्यावर मोठ्या आशा बांधल्या गेल्या. कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने स्तनाच्या कर्करोगाच्या ३६४९ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०२२मध्ये उत्तर आले: रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक नाही. ॲस्पिरिनचे चित्र आणखी बोलके आहे. आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना त्याने संरक्षण मिळते, हे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. स्तनाच्या कर्करोगात रोग उलटू नये म्हणून ते दिले तेव्हा काहीच उपयोग झाला नाही, असे २०२४मध्ये छापून आले. आणि २०२५मध्ये स्कॅन्डिनेव्हियातील संशोधकांनी दाखविले की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, गाठीमध्ये एक विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत, अल्प मात्रेतील ॲस्पिरिनने रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. एकच गोळी, एका ठिकाणी तारक, दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी. हे घरबसल्या तर्काने कळणारे नाही.

नकारार्थी उत्तरासाठी खर्च केलेला पैसा वाया गेला, असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कोविडच्या साथीत ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची चाचणी सरकारी पैशाने झाली. जून २०२० या एकाच महिन्यात तिने दोन गोष्टी सांगितल्या: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, आणि ज्यावर जग भाळले होते त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा रुग्णालयातील रुग्णांना उपयोग होत नाही. दोन्ही उत्तरांनी माणसे वाचली. प्रक्षिप्त ओवी गाळणारा संपादकही ग्रंथाची सेवाच करीत असतो.

सिद्ध झाल्यानंतरही एक पायरी उरते. औषधाच्या अधिकृत पत्रकात नवा उपयोग नोंदविण्यासाठी कुणी तरी अर्ज करावा लागतो, आणि ज्यात नफा नाही तो अर्ज कोण करणार? ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१मध्ये याकरिता स्वतंत्र उपक्रम सुरू केला. पेटंटमुक्त झालेल्या ॲनास्ट्रोझोलला, स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी प्रतिबंधक म्हणून, नोव्हेंबर २०२३मध्ये याच मार्गाने मान्यता मिळाली. ती खटपट एका कंपनीने नफा न घेता केली, पण तिला विचारणारे कुणी तरी होते. आपल्याकडेही असे विचारणारे कुणी हवे. जगाला स्वस्त औषधे पुरविणारा देश म्हणून आपण अभिमानाने मिरवतो. या औषधांची सर्वाधिक गरज आपल्याच रुग्णांना आहे. आणि नव्या उपयोगाच्या पेटंटचे दार आपण विचारपूर्वक बंद केले आहे. तेव्हा त्या उपयोगांच्या परीक्षेसाठी नियमित सार्वजनिक निधी ठेवणे, हे त्या कलमाचे उरलेले अर्धे वाक्य आहे, असे आम्हांस वाटते. कायद्याने पहिला अर्धा लिहिला. दुसरा अर्थसंकल्पाने लिहावयाचा आहे.

असो. ती विद्यार्थिनी पुढे परीक्षा देऊन गेली. मध्यंतरी ती भेटली, तेव्हा आम्ही तिचा जुना प्रश्न काढला. तिची आई औषधपाणी नियमाने घेत आहे आणि बरी आहे. आम्ही तिला सांगितले, ते औषध कुणी दडपले नाही. मात्र ते उपयोगी आहे की नाही, हे शेवटपर्यंत विचारण्यासाठी जेवढे पैसे लागतात तेवढे कुणी दिलेही नाहीत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे ज्याने मेसेज पाठवला त्याचा राग चुकीच्या माणसावर होता." आम्ही म्हटले, होय, पण राग येण्याचे कारण खरे होते.